माल नंबर नऊ

१४ सप्टेंबर १९८७, सोमवार

आजपासून मी नोकरदार. वय पासष्ट, शाळा दुसरीपर्यंत, आणि नोकरी अंधेरीच्या कारखान्यात, तीही कॉम्प्युटरपाशी. गावात सांगितलं तर बायका पदराआड हसतील. हसोत. गेल्या आठवड्यात कणकवलीहून मालाडला लेकाच्या, सहदेवाच्या खोलीवर राहायला आले. सून शेवंती दिवसभर लोकांचे पापड लाटते. मी काय, भिंती बघत बसू? सहदेवाने मालकांच्या, म्हणजे अण्णांच्या, कानावर घातलं. झाडू मारायला म्हणून गेले आणि मार्क द्यायच्या कामाला लागले.

काम असं. सहदेव ज्या लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनवर, आहे ती आता आपली आपण चालते. तो लोखंडाचा तुकडा चकात, म्हणजे मशीनच्या मुठीत, बसवतो आणि झालेला काढतो, एवढंच. किती जोरात फिरायचं, पातं किती खोल घालायचं, किती पुढे सरकवायचं, हे शेजारचा कॉम्प्युटर ठरवतो. त्याचा प्रोग्राम विद्याधर साहेबांनी लिहिलाय. पार्ल्याचा पोरगा, चष्मा तोंडापेक्षा मोठा. त्याने समजावलं की आजी, याला आकडे कळतात, पण काप चांगला की वाईट ते कळत नाही, ते तुम्ही सांगायचं. ट्रेमध्ये पडलेला कीस बघायचा. निळा पडला तर तापला, भुगा झाला तर थरथरला, पिवळसर गुंडाळी आली तर बरा. मग एक ते पाच मार्क दाबायचे. जिकडे मार्क जास्त, तिकडे कॉम्प्युटर थोडा थोडा सरकतो. मी म्हटलं, सून शिकवायची पण हीच रीत. साहेब पोट धरून हसले. ही वही त्यांनीच दिली. रोजचं रोज लिहा म्हणाले.

२३ सप्टेंबर, बुधवार

काम जमलं. लोखंड एक नंबर, पितळ दोन, अल्युमिनियम तीन. पडद्यावर हिरव्या अक्षरात मालाचा नंबर येतो आणि पुढे मार्क विचारतो. मी दोन देते, तीन देते, एखाद्या दिवशी चार. पाच अजून दिले नाहीत. साहेब म्हणतात, आजी, कंजूषपणा करू नका. मी म्हटलं, पाच मार्क मी सुनेच्या भाकरीला दिले नाहीत, या डब्याला कुठून देऊ? शेवंतीचं उलट. तिला सगळंच झकास. भाजी करपली तरी झकास, नळ गेला तरी झकास. तिला या खुर्चीवर बसवली तर आठ दिवसांत कारखान्याची वाट लागेल.

सहदेव खुशीत आहे. गिरणी बंद पडल्यावर तीन वर्षं घरी बसला होता, तेव्हा मृदंगाला हात लावला नाही. आता शुक्रवारच्या भजनात वाजवतो. बोटं बापाची आहेत. लांब.

१ ऑक्टोबर, गुरुवार, खंडेनवमी

मशीनची पूजा झाली. झेंडूची माळ, हळदकुंकू, पेढे. अण्णा दरवर्षी मशीनपुढे कोहळा फोडतात. यंदा विद्याधर साहेबांच्या डोक्यात आलं की कोयता कशाला, कोहळा लहान आहे, चकातच बसवू, मशीन स्वतःच कापेल. माणसं टाळ्या वाजवायला लागली. मी अण्णांना सांगितलं की बाबा, कोहळा जिवाच्या बदली देतात. कुंकू लावून एका घावात मोकळं करायचं असतं, असं सोलत बसायचं नसतं. अण्णा म्हणाले, अहो आजी, मशीनला काय कळतंय? सहदेव म्हणाला, आये, सणाच्या दिवशी तोंड चालवू नको.

साहेबांनी गंमत म्हणून कोहळ्याला नवा नंबर दिला. माल नऊ. आणि मशीनने कोहळा सोलला. आवाज नाही. साल एका अखंड गुंडाळीत खाली उतरली, पांढरी, ओली, कुठे तुटली नाही. साठ वर्षं विळीवर बसले, मला असं कधी साधलं नाही.

पडद्यावर मार्क विचारला. मी खोटं बोलत नाही. पाच दिले.

३ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी सहदेव लोखंड बसवत होता, दोन्ही हात चकापाशी. मशीन बंद. मी बघत होते, चक फिरला नाही. पडद्यावर आलं, माल ९, मार्क?

ट्रेमध्ये एक बारीक पांढरी गुंडाळी पडलेली. मला वाटलं परवाच्या कोहळ्याची. तशीच अखंड होती म्हणून तसेच पाच दिले. घरी आल्यावर आठवलं की ट्रे मी स्वतः धुतला होता.

६ ऑक्टोबर, मंगळवार

रोज दोन-तीन गुंडाळ्या. रोज माल ९. मी पाच देते.

संध्याकाळी सहदेवाने स्टोव्हवरून उतरवलेला चहाचा पेला नुसत्या हाताने उचलला. भाजत नाही म्हणाला. बोटांची टोकं बघितली. गुळगुळीत. रेषा नाहीत. शेवंती म्हणाली, झकास, साहेबासारखे हात झाले.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

भजनात मृदंग बोलला नाही. थाप पडते, बोल निघत नाही. सहदेवाला पत्ता नाही, वाजवतोय.

घरी त्याचा हात माझ्या हातावर ठेवून बघितला. पूर्वी एक पेर वर जायचा. आता माझ्याएवढा. नखं अर्धी. रक्त नाही, जखम नाही, दुखत नाही म्हणतो.

ट्रेमध्ये काय पडतं ते मला कळलं. मीच त्याला पाच मार्क दिले. सहा दिवस.

१० ऑक्टोबर, शनिवार

विद्याधर साहेबांना सहदेवाचे हात दाखवले. त्यांनी आधी चष्मा पुसला. मग माल नऊ पुसून टाकला. दुपारी पडद्यावर नऊ परत आला. त्यांनी प्लग काढला. पडदा काळा झाला. सहदेवाने हात आत घातले, तुकडा बसवला. ट्रेमध्ये गुंडाळी.

साहेबांनी बॅग उचलली. पुण्याहून नवीन फ्लॉपी आणतो म्हणाले. जेवणाचा डबा विसरून गेले.

प्लग पुन्हा अण्णांनी लावला. ऑर्डर आहे म्हणे.

१२ ऑक्टोबर, सोमवार

सहदेवाला म्हटलं, जाऊ नको. तो म्हणाला, आये, दुखत नाही काही नाही, आणि परत तीन वर्षं भिंतीकडे बघत बसू? गेला. मी गेले नाही. म्हटलं मार्क देणारच नाही.

संध्याकाळी आला. उजवा अंगठा पेरापर्यंत नाही. लाटण्याच्या टोकासारखा गोल.

मार्क मिळेना म्हणून कॉम्प्युटर दिवसभर पुन्हा पुन्हा कापत राहिला.

शेवंतीला दाखवलं. तिने बघितलं आणि पापड लाटायला बसली. रात्रीपर्यंत लाटत राहिली.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

सहदेवाच्या गुंडाळीला एक मार्क दिला. पडद्यावर कापाच्या खोलीचा आकडा बदलला. वाढला. परत एक दिला. परत बदलला. शोधतोय. त्याला जिकडे पाच, तिकडे जायचंय.

सहदेव बिडी प्यायला बाहेर गेला तेव्हा मी डावा हात चकात ठेवला.

काही कळलं नाही. थंड लागलं, मग तेही नाही. ट्रेमध्ये गुंडाळी. माल ९, मार्क?

पाच.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

दोन दिवस सहदेवाचं काही पडलं नाही. सरकला. कॉम्प्युटर माझ्याकडे सरकला.

डावी करंगळी संपली. भाकरी थापताना कळलं. पीठ एका बाजूने पातळ.

१७ ऑक्टोबर, शनिवार

डाव्या हाताला बोटं नाहीत. पदराखाली ठेवते. रडू येत नाही. भूक लागते, झोप लागते.

खरं लिहिते. काप सुंदर आहे. असा काप मी दुसरा बघितला नाही. पाच खोटे नाहीत.

१९ ऑक्टोबर, सोमवार

डावा मनगटाशी आला. आज उजवा ठेवला. नाही ठेवला तर तो परत सहदेवाकडे —

पेन्सिल मुठीत धरून लिहिते. बटण कोपराने दाबलं.

अण्णांनी बघितलं. नजर खाली करून म्हणाले, आजी, वय झालं तुमचं, उद्यापासून सूनबाईला पाठवा मार्क द्यायला. ती येते म्हणाली. झकास म्हणाली. मी सांगायला गेले तर कानावर हात ठेवून मोरीत गेली.

२० ऑक्टोबर, मंगळवार

जेवणाची सुट्टी. शेवंती खुर्चीत बसलीय, मीही तिच्याबरोबर आले. सकाळपासून माझ्या सगळ्या गुंडाळ्यांना पाच दिले, रडत रडत. लोखंडालाही पाच. पितळालाही.

तोंडाने सांगितलं तर ऐकत नाही. म्हणून वही तिच्यापुढे ठेवते. वाचता येतं तिला.

उजव्याचीही बोटं गेली, पेन्सिल दातात. अक्षर —

शेवंती वाच. माझ्या हाताला पाच दे. संपला की मी पाय ठेवीन. पायाला पाच दे. सुट्टी संपतेय, सहदेव मशीनकडे निघाला. पडद्यावर नऊ आला की आधी बघ हात कोणाचा. सहदेवाच्या हाताला पाच कधी