चष्म्याच्या दुकानाची निरवानिरव

मी, खाली सही करणारा चष्मेवाला, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी स्वतःचा चष्मा फोनवरून मागवलेला आहे, तेव्हा त्यांच्या मताला किती मान द्यायचा ते वाचणाऱ्याने ठरवावे. यापूर्वीचे मृत्युपत्र, ज्यात मी सर्व काही मुलाला दिले होते, ते रद्द समजावे.

१. दुकान व त्यावरच्या दोन खोल्या माझ्या स्वकष्टार्जित आहेत. माझ्या एकुलत्या एका मुलाचे त्यांविषयीचे मत असे : "बाबा, आता दुकानात येतंय कोण? पार्सलवाल्यांना गोदामाला देऊन टाका. घरबसल्या भाडं येईल." हे तो फोनवर बोलला. तो सगळेच फोनवर बोलतो. आई गेली तेव्हा आला होता. त्यानंतर त्याच्या वतीने पार्सले येतात. मागच्या महिन्यात मला सोबत म्हणून एक बोलणारा डबा आला. तो हवामान सांगतो. हवामान मला दारातून दिसते.

सबब दुकान व खोल्या शेजारच्या घड्याळवालीस देत आहे. बाई तोंडाने फटकळ आहे, रोज माझ्या पायरीवर केर लोटते, पण भांडायला तरी समोर येते. अट एकच, येथे पार्सलांचे गोदाम होऊ नये.

२. फ्रेम गरम करायची पेटी, बारीक पेचकस आणि चिमटे तिलाच. आरसा मात्र कोपऱ्यावरच्या प्राध्यापकबाईंना पोचवावा. त्यांनी अख्खी दुपार त्यात बघत माझ्या फ्रेमा नाकावर चढवल्या, आवडलेल्या फ्रेमच्या दांडीवरचा नंबर टिपून घेतला आणि "ह्यांना विचारून येते" म्हणून गेल्या. आठवड्याने तीच फ्रेम घालून हजर. "काका, कानामागे टोचतेय हो. जरा सैल करून द्या ना. तुम्हाला काय, दोन मिनिटांचं काम!" मी करून दिले. आरसा देण्यामागचा हेतू एवढाच की बाईंनी एकदा स्वतःकडे नीट बघावे.

३. दुकानाची एक रीत होती, ती कोणाच्या नावे करता येत नाही, म्हणून नुसती नोंदवतो. नवा चष्मा घातला की मी गिऱ्हाइकाला आधी आरसा दाखवत नसे. सोबत आलेल्या माणसाकडे बघायला लावत असे. कोणी बायकोचे पिकलेले केस पहिल्यांदा पाहिले, कोणी बापाच्या सुरकुत्या. दोघे-चौघे भांडत बाहेर पडले, तेही चालायचेच. माझी बायको प्रथम दुकानात आली तेव्हा तिचा भाऊ बाहेर कोणाशी तरी गप्पा मारत उभा होता, म्हणून तिने माझ्याकडे बघितले. म्हणाली, "अय्या, तुम्ही काही एवढे वाईट दिसत नाही!" त्यावरच आमचे जमले. आता फोनच तुमच्या फोटोवर चष्मा चढवतो आणि माणूस एकटाच स्वतःकडे बघून खूश होतो. असल्या खरेदीची मला शिसारी येते.

४. बँकेतली शिल्लक सरकारी शाळेतल्या मुलांच्या चष्म्यांसाठी आहे. चष्मा घ्यायला प्रत्येक मुलासोबत घरचे कोणीतरी असावे.

५. या कागदाचे वाचन दुकानात, मोठ्याने व्हावे. ऐकणाऱ्यांनी पायांनी चालत यावे. कोणी फोन भिंतीला टेकवून त्यातून मुलगा हजर केल्यास वाचन तेथेच थांबवावे.

६. मुलास : बोलणारा डबा, न वापरलेला.

आणखी एक. मागच्या रविवारी व्हिडिओवर त्याच्या नाकावर नवा चष्मा दिसला. अर्थात मागवलेला. डावीकडे घसरलेला. त्याचा डावा कान जन्मापासून जरा खाली आहे. त्याच्या प्रत्येक चष्म्याची डावी दांडी मी गरम करून किंचित खाली वाकवून देत असे. हे त्याला कधी सांगितले नाही, त्याला कधी गरजही पडली नाही. मी म्हणालो, "चष्मा वाकडा बसलाय तुझा."

"नेटवर्क असेल, बाबा."

नेटवर्क! गाढवाचे डोके दुखत असणार आणि तो त्यावर गोळ्या मागवत असणार. त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

सबब शेवटची अट. मी जिवंत असेतो कोणत्याही दिवशी तो स्वतः आला, खुर्चीत बसला, त्याने मला त्याच्या नाकावरचा चष्मा काढून दांडी नीट करू दिली आणि तो घालून आधी माझ्याकडे बघितले, तर वरील सर्व कलमे फाडून टाकावीत. सगळे त्याचे. माफी मागायला नको, काही आणायलाही नको. त्याला येथे गोदाम करायचे असेल तर खुशाल करावे.

साक्षीदार :
समोरचा न्हावी. याचा धंदा फोनवरून करता येत नाही, म्हणून माजला आहे. (सही)
पार्सलवाला. आज मुलाकडचे खोके घेऊन आला होता. "काका, लवकर आटपा, अजून निम्मी गाडी बाकी आहे," म्हणत सही केली. खोके उघडलेले नाही. (सही)

ठिकाण : दुकान, काउंटरची आतली बाजू. गिऱ्हाइकाची खुर्ची रिकामी.
दिनांक : सात मार्च, शनिवार.

(सही) चष्मेवाला