काळ्या रंगावरच्या रेघा

नाना, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि मी अजून गाड्याच धुतो. खरं तर मशीन धुते, मी बटण दाबून उभा राहतो. जळगावात पिंप्राळ्याच्या रस्त्याला मोठं वॉशिंग सेंटर झालं आहे, तिथे. गाडी आत घेतली की दोन्ही बाजूंनी आणि वरून मोठाले ब्रश गरगर फिरत येतात, मग साबण, पाणी, वारा, आणि सात-आठ मिनिटांत गाडी बाहेर. दिवसभर ओल्या फरशीवर उभं राहून गुडघे धरतात. पन्नाशी आली, नाना. थकवा आता झोपेने जात नाही.

लोक रोज एकच विचारतात, मशीनने रंग खराब होतो का. मालकाने सांगून ठेवलंय, नाही म्हणायचं. ते अगदीच खोटं नाही. ब्रश स्वच्छ असले, आधी फवाऱ्याने माती नीट उतरवली, तर फारसं बिघडत नाही. पण आधीच्या गाडीची रेती ब्रशात राहिलेली असते, आणि रविवारी रांग लागली की फवारा मारत कोण बसतो. मग रंगावर बारीक गोल रेघा उठतात. पांढऱ्या गाडीवर लक्षात येत नाहीत. काळ्या गाडीवर ऊन तिरपं पडलं की कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसतात. हाताने धुणारेही काही सगळे शहाणे नसतात. एकाच बादलीच्या गढूळ पाण्यात फडकं बुचकळून अख्खी गाडी पुसतात, ते मशीनपेक्षा वाईट.

तुमचं तसं नव्हतं. धुळ्याला डॉक्टरसाहेबांची काळी गाडी तुम्ही चालवायचा आणि रोज सकाळी धुवायचा. आधी वरून पाणी सोडायचं, एक बिडी संपेपर्यंत धूळ भिजू द्यायची, मग आईच्या जुन्या लुगड्याचं फडकं वरून खाली, सरळ. जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवशी पुन्हा गाडीला लागायचं नाही. घरी येऊन त्याच हातांनी देव धुवायचा. चिंच लावून पितळी बाळकृष्ण इतकी वर्षं उजळला की त्याचं नाक सपाट झालं. आई कुरकुरायची, “देवनं नाक घसी काढं तुम्ही.” तुम्ही मान वर न करता म्हणायचा, “रांगणारा पोऱ्या शे तो, नाक घसाईच.” ब्रशांसमोर उभा असताना ते नाक मला आठवतं. तुमच्या हाताने जर पितळ झिजलं, तर रंगाचं काय सांगावं.

मागच्या रविवारी यावलकडचे एक निवृत्त गुरुजी आले. मुलीने घेऊन दिलेली नवी काळी गाडी, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक अजून पुसट दिसत होतं. केळीच्या बागेतून आलेली, चाकांपासून काचेपर्यंत मातीने भरलेली. त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “भाऊ, तुम्ही देवमाणूस दिसता म्हणून विचारतो. रंगाला काही होत नाही ना?” मागे सहा गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मी म्हणालो, “काही होत नाही, गुरुजी.” फवारा न मारताच गाडी आत घेतली. बाहेर आली तेव्हा उन्हात बॉनेट बघितलं आणि मान फिरवली. गुरुजींची नजर अधू, त्यांना काही दिसलं नाही. ते खूश होऊन माझ्या हातावर पेढा ठेवून गेले.

तो पेढा हातात धरून मी धुळ्याच्या त्या सकाळी जाऊन पोचतो. मी आयटीआयला आहे, तुम्हाला ताप आहे. तुम्ही उठायच्या आत गाडी चमकवावी म्हणून मी साहेबांकडे जाऊन घाईत हात फिरवतो. दुपारी तुम्ही तापातच कामावर येता, तेव्हा डॉक्टरसाहेब उन्हात रेघा दाखवून तुम्हाला विचारतात, इतक्या वर्षांनी आता हात जड झाला का. तुम्ही म्हणता, हो साहेब, चुकलं माझं. घरी येताना वाटेत तुम्ही फक्त एकदा विचारलं, “फडकं कोल्लं व्हतं का रे?” मी म्हणालो, “नही, वल्लं व्हतं.” दुसऱ्या दिवशी फडकं माझ्या हातात दिलंत आणि धूळ भिजेपर्यंत मला शेजारी उभं केलंत. तेव्हा वाटलं, नानांनी विश्वास ठेवला. एवढी वर्षं मी तसंच समजत आलो.

पेढा बाळकृष्णापुढे ठेवलाय, खाववत नाही. गुरुजी पुढच्या रविवारी परत येणार आहेत. त्या दिवशी त्यांची गाडी बाजूला घेऊन पाणी सोडीन, आणि धूळ भिजेपर्यंत त्यांना सगळं सांगेन, असं आता तरी ठरवलंय. मालक काय म्हणेल ते म्हणेल. पण माझी जीभ मला माहीत आहे. ती आधी इथे वळवून बघावी म्हणून सकाळची पूजा झाल्यावर लिहायला बसलो. हा कागद कुठे टाकणार, देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर जपून ठेवलेल्या तुमच्या फडक्यातच गुंडाळून ठेवीन.

कोल्लंच व्हतं, नाना.