सुईच्या दिवशी उपास

ज्येष्ठ वद्य ६, शके १८६०. जालना

ह्यांना दवाखान्यातून घरी आणलं. टांग्यातून उतरवताना काखेत हात मीच घातला. मस्तगडातली सगळी दुकानं बघत होती. बघेनात का. चाळिशीचा गडी, पण आमच्या दुकानातला कापडाचा तागा उचलायला जास्त जड जाईल.

तहान भागत नाही. घागर पुरत नाही. मोरीत मुंग्यांची रांग. आत्याबाई लेकाच्या उशाशी बसून नुसत्या त्याचं मनगट चाचपतात.

डॉ. म्हणाले, मधुमेह. सुई रोज दोन वेळा, जन्मभर. नाही घेतली तर दिवाळी दिसायची नाही. "घरी देणार कोण?" भाऊजी खिडकीबाहेर बघायला लागले. मी म्हटलं, मी देईन, शिवणटिपण येतं मला. डॉ. हसले. ह्यांना काही हसू आलं नाही.

ज्ये. व. ७

पहिली सुई. दवाखान्याचे कंपाउंडर करीमभाई शिकवायला घरी आले. काचेची पिचकारी पातेल्यात उकळायची, खुणेपर्यंत औषध भरायचं, मांडीत टोचायचं. ह्यांनी डोळे मिटून "मोरया" म्हटलं. झालं.

औषध दिसायला पाणी. मुंबईहून आगगाडीनं येतं. बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत पुरली.

करीमभाई जाताना: "बाई, सुईनंतर अर्ध्या घंट्यात जेवण पायजेच. आन् पसीना सुटला, हात कापले, आदमी बहकल्यासारखा बोलाया लागला, तर जल्दी साखर तोंडात घाला." साखरेच्या रोगावर साखर! मला वाटलं थट्टा करतायत.

ज्ये. व. ११

लघवीतली साखर घरीच तपासायची. नळीत निळं औषध, त्यात थेंब, आणि चुलीवर उकळी. पहिल्या दिवशी विटेसारखा लाल गाळ. काल पिवळा. आज हिरवा! मी नळी घेऊन अंगणात पळाले. आत्याबाई म्हणाल्या, "काय घेऊन नाचून राह्यली गं?" लघवी म्हटल्यावर विटाळ विटाळ करत आत गेल्या.

आषाढ शु. ५

निळा. उकळला तरी निळाच. साखरेचा मागमूस नाही.

हे खाटेवरून उठून चुलीपाशी आले, नळी उजेडात धरली. म्हणाले, "असा पक्का रंग माझ्या दुकानात बी न्हाई." मला रडू आलं, आणि राग पण, की एवढी वर्षं हे पाणी जगात नव्हतं आणि माझे वडील त्याच तहानेनं गेले.

मुंग्या गेल्या.

आ. शु. १२

गालावर मांस. दुकानात जाऊन बसले, गिऱ्हाइकाशी हुज्जत घातली म्हणे. देवा, हुज्जत! एक थेंब औषध आणि मेलेला माणूस हुज्जत घालतो. मला अजून खरं वाटत नाही. सुई देताना आता मीच मनात हात जोडते.

आ. व. ३

उद्या संकष्टी. हे राजूरच्या गणपतीच्या नवसानं झालेले, समजायला लागल्यापासून दर संकष्टीला कडक उपास आणि राजूर. दुखण्यात दोनदा चुकलं ते सलतंय. उद्या जायचंच. खिचडी तरी खा म्हटलं. "चंद्र बघितल्याबिगर पाणी सुदिक न्हाई."

मीही फार ताणलं नाही. सुई चुकवायची नाही, ती पहाटे देऊ. आणि उपासानं बरंच होईल, पोटात काही गेलंच नाही तर साखर वाढेल कुठून? आत्याबाईंनाही पटलं.

आ. व. ५

काल लिहायला झालं नाही.

पहाटे सुई दिली. सर्व्हिस मोटारीनं राजूर. देवळाच्या पायऱ्यांवर ही गर्दी. मधेच ह्यांचा सदरा घामानं भिजला. हात थडथडायला लागले. मग बोलायला लागले, मोठ्यानं, तुटक, कुणाला तरी "आलो, आलो" असं. ज्यांनी जन्मात आवाज चढवला नाही ते.

कोणीतरी ओरडलं, "अंगात आलं! देव आला!"

झालं. लोक पाया पडायला लागले. एक म्हातारी विचारत होती, "देवा, माझा लेक कवा येईल?" हे काहीतरी पुटपुटले, ती रडायला लागली. देवळाचे गुरव मात्र म्हणत होते, "अहो, गणपती न्हाई येत असा कुणाच्या अंगात. देवीचं काम हाय ते." ऐकतंय कोण.

आणि खरं लिहिते, मीही हात जोडले होते. मग ह्यांची मान कलली आणि करीमभाईंचे शब्द आठवले.

एका बाईच्या ताटात नैवेद्याचा गूळ होता, देवाला अजून दाखवायचा होता. तो हिसकावला. "शिवू नका त्यांना, देव हाय!" लोकांनी पदर ओढला. मी शिव्या दिल्या, देवळाच्या पायरीवर, कुठल्या ते लिहीत नाही. गूळ दातांमागं घातला, पाण्यानं चोळला, पुन्हा घातला.

थोड्या वेळानं डोळे उघडले. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू हायेस व्हय?" आवाजात आनंद नव्हता.

आ. व. ८

डॉक्टरांनी मलाच झापलं. सुई घेऊन उपाशी राहिलं की रक्तातली साखर पार उतरते, मेंदू उपाशी पडतो. "पुन्हा असं झालं आणि गुळाला उशीर झाला, तर उठायचे नाहीत."

म्हणजे चिमूटभर साखर कमी पडली की माणसाला देव दिसतो, आणि गुळाचा खडा घातला की बायको दिसते. हसू येतं आणि अंगावर काटाही येतो. एवढ्याशा खड्यावर माणूस उभा असतो?

श्रावण शु. २

हे बोलत नव्हते. उपास मोडला म्हणून, असं मला वाटलं. आज सुई टोचताना आपणहून बोलले. "लोकं लांब लांब गेल्ते. उजेड व्हता. मंग त्यानं मला नावानं हाक मारली. अजून एक पायरी व्हती, तेवढ्यात तू..."

मी डॉक्टरांचं सांगितलं. म्हणाले, "आसंल. साखर उतरली आसंल. पर उतरल्यावरच तो दिसत आसंल तर?"

मी पायरीवर होते, मी तो चेहरा बघितलाय. इतक्या वर्षांच्या संसारात मी तो चेहरा कधी उजळवला नाही.

श्रा. शु. ११

दुकानात कापड सोडून लोक नारळ घेऊन येतात. आत्याबाई दारात बसून मान ताठ करून सांगतात, "माझ्या नवसाचं लेकरू हाय ते." पण रात्री मला हळूच, "सूनबाई, चतुर्थीला जाऊ द्यायचं का गं त्याला?"

श्रा. व. ४

आज संकष्टी. पहाटेपासून ताट वाढून ठेवलंय. भाकरी, मुगाची आमटी, मेथी. मी स्पष्ट सांगितलं, जेवल्याशिवाय सुई देणार नाही.

"मंग नको सुई."

सुई नाही आणि जेवण नाही. सकाळपासून दोन तांबे पाणी प्यायले, आणि म्हणे पाणी सुदिक न्हाई! नळी उकळली. पिवळी. कालपर्यंत निळी होती.

बाहेर लोक थांबलेत. मोटारीची वेळ होत आलीय. आत्ता हे आत आले, पाटावर बसले, ताटाकडे बघत राहिले. रागावलेले नव्हते. लहान पोरासारखे म्हणाले, "सुई दे. तू संगं चल. गूळ घे. पर देताना जरा थांबून दे."

जरा म्हणजे किती? डॉक्टरांना ठाऊक नाही, मला तर नाहीच. नाही म्हटलं तर हे असेच उठून जातील, सुईशिवाय. हो म्हटलं तर पायरीवर त्या चेहऱ्याकडे बघत मला थांबावं लागेल.

ताट तसंच आहे. पातेल्यात पाणी उकळतंय, हे मांडी उघडी करून बसलेत, माझ्याकडे बघतायत.

मोरया, माझ्यावर हवा तेवढा रागाव. पण आज तू येऊ नकोस.