उबेत ठेवलेलं यीस्ट

५ मार्च, बुधवार

सोमवारपासून लिहायचं टाळतेय. पेन उचललं की नखं कापावीशी वाटतात, खिडकी पुसावीशी वाटते. खिडकी पुसून झाली. आता लिहितेच.

ताईचं यीस्ट माझ्या हातून मेलं.

ताई प्रयोगशाळेत संशोधन करते, मी तिथली भांडी धुते. शिक्षण अर्धवट, धंदे छप्पन्न — शेवटचा बेकरीत. ‘हिला यीस्ट कळतं’ म्हणून इथे घेतलं. तिथेच घात झाला! बेकरीत यीस्टला ऊब द्यायची. ताईच्या काचेच्या बशा मात्र गार कपाटात, वाढ मुंगीच्या पावलानं. मला दया आली. शुक्रवारी निघताना सगळ्या बशा गरम कपाटात हलवल्या. वर स्वतःवरच खूश!

६ मार्च

ताई ओरडली असती तर बरं झालं असतं.

“भटकभवानी, इकडे बस.” मायक्रोस्कोपशी बसवलं. म्हणाली, एका पेशीच्या दोन होताना गुणसूत्रांच्या जोड्या वेळ येईपर्यंत घट्ट धरून ठेवणारं एक प्रथिन असतं. या यीस्टमधलं तिनं मुद्दाम नाजूक केलंय. ऊब लागली की पकड सुटते, वाटणी वाटेल तशी होते.

दिसलं. एका पेशीत दाटी, तिच्या जुळीत जवळजवळ काहीच नाही.

“मग ज्यादावाली तरी जगते ना?”

“नाही गं. दोघी जातात.”

तेवढ्यात कुणीतरी केक आणला आणि मी तिकडे बघत राहिले! काय माणूस आहे मी.

७ मार्च

बशा परत गारव्यात ठेवून पाहिल्या. काही उगवलं नाही.

१० मार्च

डीप फ्रीझर उपसला. राखीव नमुना गोठवायचा राहूनच गेला होता. हे यीस्ट ताईनं मैत्रिणीबरोबर बनवलं. मग शोधनिबंधावर आधी नाव कुणाचं यावरून बिनसलं, आणि निम्मं घेऊन ती दुसऱ्या गावी गेली.

“ताई, तिला फोन कर ना.”

“तिच्यापुढे तोंड वेंगाडू? मेले तरी नाही.” मग बराच वेळ बाटलीचं झाकण फिरवत बसली. “नाव तिचंच आधी यायला हवं होतं.”

नव्यानं बनवायचं तर वर्ष जाईल. शिष्यवृत्ती जूनपर्यंतच. आणि मी काय केलं — माया केली!

१२ मार्च

मैत्रीण आलीये! न कळवता. हातात बर्फाचा डबा. ताई धावली, मागून मी. झाकण मीच काढलं — आत नुसता बर्फ.

“माझ्याकडचं सगळं गेलं गं,” ती ताईला म्हणाली. “तुझ्यातलं थोडं देतेस?”