पिंगुळीची नंदिनी

१४ जानेवारी २००७
बाबांनी मला चौथीपर्यंत घरीच शिकवलं. रोजनिशीत खोटं लिहायचं नाही, हा त्यांचाच नियम. म्हणून खरं लिहिते. काल शिरोड्याचा स्वरूप मला बघून गेला. पणजीला हॉटेलात रिसेप्शनवर असतो. मला आवडला. स्थळ आणणारे गंगारामकाका म्हणाले, शिमग्याआधी मुलाकडचे त्यांच्या ग्रामदेवतेला कौल लावतील. देवाला चिकटवलेली पाकळी उजवीकडून पडली की होकार. तोवर मन शांत ठेवायचं.

संध्याकाळी एसटीने कट्टा गावाला, खालिदभाईच्या सायबर कॅफेत जाऊन स्वरूपचं ऑर्कुट पाहिलं. एकदाच. मुलाची चौकशी करतातच. बाबांचे गुडघे दुखतात, म्हणून मी केली.

१५ जानेवारी
पुन्हा गेले. कालची चौकशी अर्धवट राहिली होती. म्हापशाची कोणी रिया त्याच्या फोटोखाली 'सो स्मार्ट' लिहून गेली आहे. मला राग आला नाही. फक्त तिने ज्याला-त्याला लिहिलेले स्क्रॅप पहिल्यापासून वाचून काढले. ती सगळ्यांनाच स्मार्ट म्हणते. स्वतःच्या काकांनासुद्धा.

१९ जानेवारी
संकल्प: नेट आठवड्यातून एकदाच.
आईला मी 'कंप्युटरला जाते' असं सांगते. 'क्लासला' म्हणत नाही, कारण क्लास दिवाळीतच संपला. म्हणजे खोटं नाही.
रियाच्या नव्या फोटोवर स्वरूपने 'वॉव' लिहिलंय. मला आजवर नुसतं 'हाय'. बांगड्याचं तिखलं होतं, दोन घास खाऊन उठले. आई म्हणाली, "काटो अडाकलो काय गो?" हो म्हटलं. एका अर्थी खरंच आहे.

२२ जानेवारी, सोमवार
आठवडा सोमवारी सुरू होतो. त्यामुळे आजची खेप संकल्पात बसते. शनिवारची मागच्या आठवड्यात धरली. रविवारची धरली नाही.

पैसे देताना खालिदभाई हळूच म्हणाला, "गो बाय, तू ज्याचा पान बघतंस, त्याका तुझा नाव दिसता. कोण कोण येवन गेला, सगळा थंय उमटता. शेजारचा मांजार पण इतक्या येळा दारात येना नाय."
घरी येताना एसटीत कोणाकडे बघितलं नाही.

२३ जानेवारी
उपाय सापडला. वेगळ्या नावाने प्रोफाइल काढलं. नंदिनी, राहणार पिंगुळी. पत्रिकेत माझं अक्षर 'न' आहे आणि आजोळ पिंगुळीचं, त्यामुळे यात खोटं काही नाही. फोटोच्या जागी अबोलीचा वळेसर, केसात माळतात तो. आता निश्चिंत मनाने बघता येईल, आणि बघून झालं की सोडता येईल.

३० जानेवारी
स्वरूपने नंदिनीला विचारलंय, "रोज येऊन जातेस, बोलत का नाहीस?" उत्तर न देणं उद्धटपणाचं झालं असतं. पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांबद्दल चार ओळी लिहिल्या. बाकी काही नाही.

६ फेब्रुवारी
रियाला त्याने पंधरवड्यात काही लिहिलेलं नाही. बरं झालं. मात्र नंदिनीला केवढे लांब स्क्रॅप! हॉटेलातल्या गमती, आईची आठवण, रात्रपाळीचा कंटाळा. माझ्या खऱ्या प्रोफाइलवर आज एक शब्द: 'हाय'. मागच्या वेळी निदान पुढे टिंबं तरी होती.

१२ फेब्रुवारी
नंदिनी मला पहिल्यापासूनच पटली नव्हती. ज्या मुलाचं दुसरीकडे जमतंय, त्याच्याशी कोणी इतकं गोड बोलतं का? आज मी तिच्याकडून मुद्दाम तुसडं लिहिलं. त्याने उत्तर दिलं, "तुझा हा सरळपणाच मला आवडतो."
मी सरळच आहे. मला कोणी म्हटलं नाही.

१७ फेब्रुवारी
ठरलं. नंदिनीला कायमचं काढून टाकायचं. कट्ट्याला त्यासाठीच गेले होते. पण त्याला ताप आला होता असं त्याने तिला लिहिलं होतं. आजारी माणसाशी असं वागणं बरं नाही. सुंठीचा काढा कळवला. बरा झाला की काढून टाकेन.
मला तापाचं काही कळवलेलं नाही.

२३ फेब्रुवारी
रविवारी कौल आहे. त्याने नंदिनीला विचारलं, "मी तुला आवडतो का?" खोटं लिहायचं नाही, म्हणून 'हो' लिहिलं. त्याने तिच्या घराण्याचीही चौकशी केली. आजोळचं आडनाव सांगितलं. रविवारनंतर नेट बंद. लग्न झाल्यावर त्याला सगळं सांगेन, दोघं हसू.

२६ फेब्रुवारी
सकाळी गंगारामकाका आले. पाण्याच्या तांब्यालाही हात लावला नाही. "काय सांगू वयनी, झील आयकाक तयार नाय. म्हणता, पिंगुळीची कोण ती नंदिनी, तीच व्हयी. आवस रडाक लागली. मगे गुरव म्हणालो, देवाकच इचारूया. तुमच्या चेडवाचो कौल डावो पडलो. नंदिनीचो उजवो."

बाबा आत गेले. मी सांगणारच होते. तोंड उघडलंही होतं. पण मग काकांनी विचारलं असतं, तू तिथे काय करत होतीस?

काका गेल्यावर आईने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तुका तो कंप्युटर येता मां? मगे बघ गो जरा, त्या चेडवात असा काय आसा, जा तुझ्यात नाय."

मलाही तेच बघायचं आहे. उद्या कट्ट्याला जाते. आईने स्वतः पाठवलंय, तेव्हा ही खेप धरायची नाही.