टोपली मध्ये टेकवायची नाही

गुरु., ९ जाने.
थंडी. नाशिकची शेवंती उशिरा आली, तीही दवानं भिजलेली. बोटं सुईवर चालत नव्हती. रामाचा हार वेळेत झाला, दर्ग्याची फुलांची चादर कशीबशी. आरतीनंतर बायकांच्या नवसाच्या फुलांच्या लड्या आल्या, भरपूर. संक्रांत जवळ आली की नवसही वाढतात. मंगलावहिनींची नेहमीसारखी गुलाबाची. पदराखालून काढते, माझ्या टोपलीत सारते आणि लगेच देवाकडे तोंड करून हात जोडते. नवरा मंदिराचा अध्यक्ष आणि बाई दर्ग्याला गुलाब धाडते. मी सगळ्या लड्या चादरीत अशा गुंफते की कुणाची कुठली ते मलाही सांगता येऊ नये. सासूबाईंची शिकवण. त्यांच्या सासूची मुलं जगत नव्हती, दर्ग्याला फुलं कबूल केल्यावर एक जगलं, तेव्हापासून हे काम आमच्या घरात. जगलेल्याचाच वंश आम्ही.

मंदिर ते दर्गा चालणं ते किती. आमचं दुकान, गिरणी, सोनाराचा चौक, उतार, की पांझरेच्या काठी दर्गा. पायात काही घालायचं नाही, वाटेत बोलायचं नाही, टोपली मध्ये टेकवायची नाही. चौकात एक मोटरसायकलवाला अंगावरच आला. मनात दिलेली शिवी बोलण्यात धरत नसावेत.

हमीदाबीनं चहा दिला. तिचा मुजावर नवरा गेल्यापासून तीच दर्गा झाडते, दिवा लावते. तिचा पुतण्या सुरतेहून आलाय, व्यवस्था आता तो बघणार. शिकलेला दिसतो. सारखा टोपलीकडे बघत होता.

रवि., १२
अध्यक्ष दुकानावर. स्वतः. सोबत कमिटीचे दोघं. एवढ्या सकाळी हार नको असणार हे चेहऱ्यावरून कळलं.

"अक्का, तुमच्या हातचा हार रामाला चढतो. तेच हात मग तिकडे... लोक विचारतात."

कोण लोक? नाव एकाचंही नाही. याच्याच घरातून दर गुरुवारी गुलाब येतात, आधी घरी विचारायला हवं होतं यानं. ते मी बोलले नाही. बाईचा नवस तिचा तिच्यापाशी.

"परंपरा आहे ती, भाऊ."

"परंपरा तुमच्या घरची. मंदिराची नाही."

मग आमच्या घरच्या गोष्टीत मंदिर कशाला येतं? हे सुचलं भांडी घासताना. भांडणातलं चांगलं वाक्य मला नेहमी भांडी घासतानाच सुचतं.

थोडक्यात निरोप असा: एक तर इथला हार, नाही तर तिथली चादर. दोन्ही नाही.

मंगळ., १४. संक्रांत
तिळगूळ घ्या, गोड बोला. प्रशांत कालपासूनच गोड बोलतोय, तेव्हाच ओळखलं.

"आई, रामनवमीचा मंडप आपल्याकडे आहे. तो गेला तर बाकीची मंदिरं पण जातील. एकमेकांना विचारूनच काम देतात ते."

खरं आहे. बाप गेल्यावर कॉलेज सोडून यानं हे मंडपाचं काम उभं केलं, बांबू स्वतः खांद्यावर वाहिले. म्हणून तर राग काढायला जागा नाही.

"मी तुला जाऊ नको म्हणत नाहीये," असंही म्हणाला. मग काय म्हणतोय? सरळ नको म्हणाला असता तर भांडले तरी असते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तिळगूळ मात्र छान झाला होता, दोघांनीही खाल्ला.

गुरु., १६
गेले. ठरवलं नव्हतं. हार झाला, हात थांबेनात, चादर पण झाली. मग घरात ठेवून काय तिची भाजी करायची? प्र. गाडी धूत होता, त्यानं मान वर केली नाही.

आज हमीदाबी दारातच उभी. आत बोलावलं नाही. पुतण्या बाहेर आला. नीट बोलला, आवाज न चढवता. कबरीवर फुलं, चादर हे धर्मात नाही, अडाण्यांनी चालू केलेलं, आता बंद. "बुरा मत मानना, अम्मा." आणि वर, "आपके मंदिरवाले भी यही चाहते हैं, सुना मैंने."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोन्हीकडच्या मंडळींचं एकमत झालं. आणि कशावर, तर माझ्या टोपलीवर. यांची एक बैठक लावून द्यावी. चहा मी पाजते.

चादरीसाठी हमीदाबीनं हात पुढे केले. घेतली, आत नेली. घातली की कोपऱ्यात ठेवली, माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही. येताना रिकामी टोपली जास्त जड लागली म्हणणार होते, पण तसं काही नाही. हलकीच होती. त्याचंच वाईट वाटलं.

शनि., १८
हमीदाबी भाजीबाजारात भेटली. मेथीची जुडी निवडत बोलत राहिली, माझ्याकडे न बघता.

"अक्का, तुम मत आव अब. मेरेकू दर्गेकी उसीच खोली में रहना है. उसने निकाल दिया तो मैं कां जाऊँ?"

बरं म्हटलं.

हिचा मुजावर गेला तेव्हा चाळिसाव्या दिवसापर्यंत माझ्या घरचा डबा हिच्याकडे जायचा. प्रशांतच्या लग्नात पाहुण्यांच्या शेवया हिनं वळल्या, सूनबाई नांदायचं नाही म्हणून माहेरी गेली तेव्हा माझ्याशेजारी गप्प बसून राहिली तीही हीच. आणि आज मेथीशी बोलत होती. राग येतो. तिचा नाही. तिचाही, थोडा.

मेथी मीही घेतली. कडू निघाली.

सोम., २०
मंगलावहिनींकडे हळदीकुंकू. मुद्दाम गेले. गजरे माझ्याच दुकानातले. वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे.

सगळ्या होत्या. लड्या घालणाऱ्या झाडून सगळ्या. मी सरळ सांगून टाकलं, चादर बंद करायला सांगितलीय, दोन्हीकडून. वाटलं, एक तरी म्हणेल, असं कसं. कोणी डब्याचं झाकण उघडून आत बघितलं, कोणी लावून बघितलं, नीट बसतं का. मंगलावहिनी म्हणाल्या, "उखाणा कोणाचा राहिलाय?"

उखाणे झाले. मी विधवा, माझा प्रश्नच नव्हता. पूर्वी मला हळदीकुंकवाला बोलवायच्याच नाहीत, आता बोलवतात. सुधारणा झालीय म्हणे.

बुध., २२
सकाळपासून एकेक दारात. आधी गिरणीवाली आजी. "अक्का, मनी लडी टाक व. नातूले नोकरी लागू दे."

म्हटलं, आजी, बंद झालंय ना.

"तू गुपचूप जाय ना. कोनले समजस?"

मग सोनाराची सून, मग तिची जाऊ, एकमेकींना न सांगता. दुपारी मंगलावहिनींच्या कामवालीच्या हातून गुलाब. निरोप: "नेहमीसारखं."

नेहमीसारखं. नवस यांचे आणि दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक. तो खांदाही हलता कामा नये. धंदा जाणार माझ्या मुलाचा, डोक्यावरचं छप्पर जाणार हमीदाचं.

भाकरी थापताना हिशेब लागला, साधाच आहे. मी एकटी गेले तर एक अडाणी म्हातारी, मला गप्प करता येतं. पण या गल्लीतल्या पाच-सहा बाया माझ्यासोबत चालल्या तर? अध्यक्ष कोणाकोणाला मंदिरात येऊ नका म्हणतील, पहिलं नाव घरातलंच निघेल. आणि एवढ्या बाया दारात बघून तो पुतण्या हमीदाला एकटीला कशी काढेल? यांनी नुसतं चालायचंय. उतारच आहे.

आजीला परत जाऊन सांगितलं, उद्या चल माझ्यासोबत.

"मना गुडघा दुखतस व."

दिवाळीत हरिद्वारला जाऊन आली, तेव्हा गुडघे बहुतेक घरी ठेवले होते. मी निघाले तशी मागून म्हणाली, "बठ्ठा येडा व्हई गयात." वेड्या झालेल्या त्या सगळ्यांत ती स्वतः नव्हती.

गुरु., २३
दुकानाच्या ओट्यावर बसून लिहितेय, एका हातानं. टोपली मांडीवर.

चादर आज लपवून केली नाही, दुकानाच्या तोंडाशी बसून केली. आलेल्या सगळ्या लड्या गुंफल्या. मोठी झाली, गेल्या वर्षभरातली सगळ्यात मोठी. कमिटीचा एक जण दोनदा समोरून गेला. चादर बघून पुढे गेला. हार त्यांना आजचा हवाच होता.

आरती सुटली. बायका मंदिराच्या पायऱ्या उतरत होत्या तेव्हा टोपली उचलली आणि मोठ्यानं म्हटलं, "आज मी एकटी जाणार नाही. ज्यांच्या लड्या आहेत त्यांनी सोबत चालावं. नसेल चालायचं तर आपली लडी काढून घ्यावी."

आवाज कापला माझा. नको होता कापायला.

काढून कोणीच घेतली नाही. कुठली कोणाची, ओळखणार कशी? आणि चाललंही कोणी नाही. चपला शोधायला एवढा वेळ लागतो हे आज बघितलं. गिरणीवाली आजी सगळ्यांच्या आधी घरी पोचली, गुडघ्यांसकट. सोनाराच्या दोघी जावा एकमेकींकडे बघून पहिल्यांदा समजल्या की दोघींच्याही लड्या आहेत, आणि त्याचाच राग येऊन निघून गेल्या.

मग मी बसले. टोपली खाली ठेवली नाही, मांडीवर घेतली.

सगळ्यात शेवटी मंगलावहिनी. माझ्यासमोर थांबली. अध्यक्ष आत दिवे मालवत होते. मला वाटलं... काय वाटलं ते लिहीत नाही. तिनं पदराखालून आणखी एक लडी काढली, टोपलीत ठेवली, चादरीला हात लावून डोळ्यांना लावला आणि गेली.

मंदिराचं दार लागलं. चौकातले दिवे लागले. गल्लीत आता कोणी नाही.

प्रशांत आला. फुलांच्या बादल्या आत घेतल्या. मग म्हणाला, "आई, शटर लावू?"

"लाव. मला बाहेर ठेवून लाव."

लावलं त्यानं. घरी जा म्हटलं, तर गेला नाही. गाडीच्या सीटवर बसलाय, माझ्याकडे पाठ करून.