सातवा खळगा

शुक्रवार, ११ जानेवारी २००२. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे.
देवीच्या विहिरीवर आंघोळ करून आत्ताच घरी आलो. केस ओले आहेत, तरी लिहितो. कोपराखालचा फिकट डाग तसाच. मांडीवरचाही तसाच. आईबाबा गेल्यापासून हौसाआत्यानेच मला वाढवलं. ती म्हणते, "ईहिरीचा पानी लागूदे, जाईल. पन डाक्टरकडं जायाचा न्हाय हां! दोगांकडं मागितला म्हंजे देवी रुसते." तिला नाही म्हणता येत नाही.
त्या रोगाचं नाव लिहिणार नाही.
विहिरीशेजारी कातळात नऊ खळगे आहेत, वाटीएवढे. ज्याला डाग उठले त्याने इथे आंघोळ करायची आणि पेज त्या खळग्यातच प्यायची. घरच्या ताटाला हात नाही. आत्याने मला तेवढं माफ केलं. "तू घरातच जेव. कोन बगतोय?" पण उद्या गावाला कळलं तर! लहानपणी एक म्हातारा तिथे वाकून पेज पिताना पाहिला होता. अजून दिसतो.

मंगळवार, १५ जानेवारी.
काम मिळालं! रत्नागिरीच्या कॉलेजातून शमीम मॅडम आल्या आहेत, सड्यावरची, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावरची, जुनी कोरलेली चित्रं मोजायला. माझं शिक्षण नववी नापास. पण अक्षर बघून म्हणाल्या, "मापं तुम्हीच लिहा." आज कातळावरचा मोठा मासा मोजला. मॅडम म्हणाल्या, "मासा काय म्हणता, ही मुशी आहे, शार्क. आमच्या नाटे बंदरात रोज बघते मी." देवीचा गुरव गंगाराम म्हणाला, "पांडवांनी काडलीत ती." मॅडम म्हणाल्या, "गंगारामकाका, सगळं पांडवांनीच केलं, मग तुमच्या आज्यापणज्यांनी काय केलं?" गंगाराम म्हणाला, "त्यांनी बगितला!" पोट धरून हसलो. कित्येक दिवसांनी.
बाही मनगटापर्यंत बटण लावून.

गुरुवार, १७ जानेवारी.
आज विहिरीवरचे खळगे मोजले. टेप मी धरली. मॅडमना खळग्यांची रीत गंगारामने सांगितली. "आता कोन बसत न्हाय," असंही म्हणाला. मॅडम गुडघ्यांवर बसून एकेक खळगा बोटाने बघत होत्या. आठांत वाळलेलं काळं शेवाळ. सातवा स्वच्छ, तळाशी गुळगुळीत. "हा वापरात आहे," म्हणाल्या. गंगारामने खांदे उडवले — "कुत्री चाटत असतील." मी लिहिलं: सातवा, स्वच्छ, गुळगुळीत.
मॅडमना वाटलं असेल का, की मीच इथे पेज पितो?
घरी आलो. आत्याने वाढलं. ती नेहमीसारखी मागाहून जेवणार.

शनिवार, १९ जानेवारी.
घात झाला. सड्यावर कामाच्या जागी चुलीवरचं चहाचं पातेलं मी उजव्या हाताने उतरवलं. ते कोपराखाली डागावर टेकलेलं मला कळलंच नाही! मॅडमनी ओरडून हात मागे घ्यायला लावला. मग त्यांनी माझी बाही वर केली. पळून जावंसं वाटलं. बाकीचे लांब होते. त्या हळू म्हणाल्या, "दवाखान्यात गेलास?" — पहिल्यांदाच अरे-तुरे. मी म्हटलं, "आत्या नको म्हणते. देवी रुसेल." त्या म्हणाल्या, "आमच्या घरी माझ्या मामूला हेच होतं. आता बोटीवर जातो, मला शिव्या घालतो. मंगळवारी रत्नागिरीला ये. मी दारात उभी राहीन."
त्यांनी माझ्याच कपातला चहा प्यायला. मुद्दाम. मला कळलं.

मंगळवार, २२ जानेवारी.
कुष्ठरोग. लिहिला शब्द. बरोबर लिहिला.
डॉक्टरांनी पीस डागावर फिरवून बघितलं, डोळे मिटायला लावून. मग म्हणाले, "सुरुवातच आहे. सहा महिने गोळ्या, बरा होशील. पैसे लागत नाहीत. घरात राहा, घरात जेव, काम कर." मी तीनदा विचारलं. तीनदा तेच सांगितलं, न रागावता. शेवटी म्हणाले, "घरात कोण असेल त्यांनाही तपासायला आण."
एसटीत खिडकीपाशी बसून रडलो. बाजूची बाई म्हणाली, "पेपरात नापास झालास काय रे?" म्हटलं, "नाही हो. पास!"

बुधवार, २३ जानेवारी.
आत्याला सांगितलं. वाटलं होतं ओरडेल. ओरडली नाही. गोळ्यांचं पाकीट उलटसुलट करून बघत राहिली. "फुकट?" "फुकट." "आनी मानसाला घरातच ठेवतात?" "हो गं." "ताट बी तेच?" "तेच." मग पाकीट परत दिलं. मी म्हटलं, तूही चल तपासायला. एकदम उसळली. "मला काय झालाय? लाकडा कोन आनील?" आणि कोयता घेऊन सड्यावर गेली.
तरी मी आज ढाराढूर झोपणार. देवी रुसली असेल तर सहा महिन्यांनी समजूत काढीन.

रविवार, २७ जानेवारी.
दुपारी विहिरीवर गेलो. काल टेप तिथेच राहिली होती.
आत्या सातव्या खळग्यावर वाकून बसली होती. शेजारी पेजेचं मडकं. मला बघून उठली नाही. पदर पाठीवर ओढून घेतला आणि खाली बघूनच म्हणाली, "केरू, त्या गोळ्या... बायकांना बी देतात काय?"
कधीपासून, ते मी विचारलं नाही. खळगा किती गुळगुळीत झालाय, ते माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.
मडकं उचललं, तिला घरी आणलं. उद्या सातची एसटी.
आज आत्या माझ्याबरोबर जेवली.